घरच्या गच्चीवर हीट पंप बसवताना

आंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी विचारतो, किती टनाचा? एसी घेतानाची ही सवय इथे महागात पडते. घरातल्या पाच माणसांना पाणी लागतं ते सकाळच्या तासा-दीड तासात. तेवढ्या वेळात सगळं पाणी तापवायचं म्हटलं तर मोठं मशीन लागतं, ते दिवसातल्या सर्वांत थंड हवेत चालतं आणि वीज जास्त खातं. त्यापेक्षा टाकी ऐसपैस घ्या, मशीन छोटं घ्या आणि ते दुपारी चालवा. जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली. पण त्याच दिवशी दुपारी हवा पंचवीस-अठ्ठावीस अंशांची असते. हीट पंप हवेतली उष्णता उचलतो. ती भरपूर असेल तेव्हाच उचलावी. पुढची सगळी मापं मी याच हिशेबाने दिली आहेत.

फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, तर हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतो. कॉम्प्रेसरला लागणारी वीज फक्त या उपशासाठी खर्च होते. म्हणून उबदार हवेत एक युनिट विजेमागे तीन-साडेतीन युनिट उष्णता टाकीत जमा होते. या प्रमाणाला सीओपी म्हणतात. गीझरचा सीओपी फार तर एक. कॅटलॉगमध्ये सीओपीचा आकडा दिसला की तो हवेच्या आणि पाण्याच्या कोणत्या तापमानाला मोजला आहे, हे शेजारी छापलंय का ते पाहा. ते छापलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

घरात दोनच माणसं असतील आणि दोन बादल्यांत भागत असेल, तर हीट पंपाच्या फंदात पडू नका. पंधरा लिटरचा गीझर पुरे. गच्चीवर दिवसभर सावली नसेल आणि सोलर नीट चालत असेल, तर तोही काढू नका. हीट पंप खरा उपयोगी पडतो चार-सहा माणसांच्या घराला, जिथे शेजारची इमारत उन्हाच्या आड आली आहे किंवा पावसाळ्याचे चार महिने सोलर रुसलेलाच असतो.

आधी बादली, मग कॅटलॉग

मापनाला लागतात एक बादली, एक थर्मामीटर आणि मोबाइलमधलं घड्याळ. आठवडाभर थंडीतच मोजा. मे महिन्यात मोजलेले आकडे जानेवारीत तोंडघशी पाडतील.

शॉवर सोडून बादली एका मिनिटात किती भरते ते पाहा. साधारण आठ लिटर येतं. कोण किती मिनिटं शॉवर घेतं ते न सांगता बघा, कारण विचारलं की सगळे कमीच सांगतात. बादलीने आंघोळ करणाऱ्यांच्या बादल्या मोजा. आंघोळीला सुखावणारं पाणी चाळीस अंशांच्या आसपास असतं. तुमच्या घरचं मोजून बघा. शेवटी सकाळी सहाला ओव्हरहेड टाकीच्या नळाचं पाणी मोजा. ऐन थंडीत ते १८ अंश किंवा त्याहून खाली भरतं.

आता एका घराचा हिशेब करू. तिघं शॉवर घेतात, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे ४८ लिटर, तिघांचे १४४. आजी-आजोबा बादलीने, प्रत्येकी ३० लिटर, मिळून ६०. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी ३०. एकूण २३४, सोयीसाठी २३५ लिटर, ४० अंशांचं.

टाकीत मात्र पाणी ५५ अंशांना ठेवायचं आहे आणि ते १८ अंशांच्या पाण्यात मिसळून वापरायचं आहे. त्यामुळे टाकीतून प्रत्यक्ष किती पाणी जाईल? ४० वजा १८, म्हणजे २२. त्याला भागा ५५ वजा १८ ने, म्हणजे ३७ ने. उत्तर ०.६ च्या जरासं कमी. २३५ लिटरला ते १४० लिटर पडतं. पण टाकीतलं सगळं पाणी गरम निघत नाही. वरून गरम निघत असताना खालून थंड शिरतं आणि शेवटचा पाचवा हिस्सा कोमट होतो. म्हणून १४० ला ०.८ ने भागा: १७५. बाजारात त्यापुढचं माप २०० लिटरचं मिळतं, ते घ्या. पाहुणे येतात या धास्तीने ३०० लिटरची घेऊ नका. पाहुणे आले की त्या दिवशी मशीन दोनदा चालवता येतं. मोठ्या टाकीची उष्णता मात्र रोज झिरपत राहते.

उष्णता किती लागेल? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. १४० लिटर गुणिले ३७ म्हणजे ५१८०. भागिले ८६० म्हणजे सहा युनिट. टाकीच्या झिरपण्यापोटी एक धरा. झाले सात. दुपारी अकरा ते चार या पाच तासांत सात युनिट उष्णता द्यायची, तर तासाला दीड युनिटपेक्षा किंचित कमी लागते. म्हणजे दीड किलोवॉट उष्णता देणारं मशीन या घराला पुरतं. दुकानदार एक टनाचं, साडेतीन किलोवॉटचं मशीन पुढे करेल. तेही चालेल, दोन तासांत काम उरकेल. पण त्या जादा पैशातून तुम्हाला जास्तीचं काही मिळत नाही.

सात युनिट उष्णतेला ३.३ सीओपीने जेमतेम सव्वादोन युनिट वीज लागते. गीझरला तेवढ्याच आंघोळींना सहाच्या वर लागते. थंडीच्या महिन्यात सव्वाशे युनिटच्या आसपास वाचतात, आणि महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने वाचतात ती बिलातली वरच्या टप्प्यातली, म्हणजे महागडी युनिटं.

कोणतं मशीन

स्वतः बसवणाऱ्याने इथे एकच नियम पाळायचा: गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागेल असं मशीन घ्यायचं नाही. मशीन आणि टाकी एकाच उभ्या खोक्यात असलेला प्रकार सर्वांत सोपा. गॅस कारखान्यातच भरून बंद केलेला असतो, तुम्हाला फक्त पाणी आणि वीज जोडायची. दुसरा प्रकार मोनोब्लॉक: मशीन वेगळं, टाकी वेगळी, मध्ये पाण्याच्या नळ्या. जुन्या सोलरची टाकी धड असेल तर तिला मोनोब्लॉक जोडून तिचं सोनं करता येतं. तिसऱ्या, स्प्लिट प्रकारात गॅसच्या तांब्याच्या नळ्या जागेवर जोडाव्या लागतात, त्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते. ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे. त्यात आर-२९० गॅसचं मशीन असेल, तर तो प्रोपेन आहे, पेट घेतो.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ थंडीत दव गोठतं, हे आपण पेपरात दरवर्षी वाचतो. अशा ठिकाणी किंवा निफाड-दिंडोरी पट्ट्यात मशीनच्या जाळीवर बर्फ धरू शकतो. तिथे आपोआप बर्फ वितळवण्याची सोय आहे का ते विचारूनच घ्या. कोकण-गोव्यात उलट. हवा बारा महिने उबदार, सीओपी झकास, पण खारी हवा अॅल्युमिनियमच्या पात्या खाते. तिथे लेप दिलेल्या पात्यांचंच मशीन हवं.

पाणी बोअरचं असेल तर टाकीच्या आतल्या धातूची चौकशी करा. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर साधं स्टेनलेस स्टीलही वेल्डच्या जोडांशी बारीक भोकं पडून गळतं. काचेचा मुलामा असलेली टाकी आणि आत मॅग्नेशियमचा अॅनोड, ही जोडी अशा पाण्याला बरी टिकते.

जागा आणि पाया

या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथेच घालवायला सांगेन. नळ चुकला तर कापून पुन्हा जोडता येतो. जागा चुकली की सगळंच उचलावं लागतं.

पहिली अट पाण्याच्या पातळीची. पंप न लावता नुसत्या उंचीवर पाणी वाहायचं असेल, तर गच्चीवरच्या थंड पाण्याच्या टाकीचा तळ हीट पंपाच्या टाकीच्या माथ्याहून वर हवा. उभं मशीन पावणेदोन-दोन मीटर उंच असतं. थंड पाण्याची टाकी गच्चीवर विटांच्या दोन थरांवर ठेवलेली असेल आणि शेजारी हे मशीन उभं केलंत, तर थंड टाकीतली पातळी उतरली की गरम पाणी यायचंच थांबेल. अशा घरात मशीन मागच्या अंगणात किंवा पहिल्या मजल्याच्या मोकळ्या जागेत ठेवा, नाहीतर थंड टाकी लोखंडी स्टँडवर चढवा. प्रेशर पंप असेल तर ही अट सुटते. मात्र थंड आणि गरम दोन्ही लाइनी त्याच पंपातून न्या. एकीत जोर आणि दुसरीत नाही असं झालं, तर शॉवरला पाणी कधीच नीट मिसळत नाही.

दुसरी अट वजनाची. २०० लिटरचं भरलेलं मशीन तीनशे किलोच्या घरात जातं आणि ते सगळं वजन एवढ्याशा जागेवर येतं. भारतीय मानकात माणसांच्या वावराची गच्ची दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो चल भार धरून आखतात. त्यामुळे स्लॅबच्या मध्यावर हे वजन टेकवू नका. खाली भिंत किंवा कॉलम असेल तिथे, किंवा बीमपासून बीमपर्यंत लोखंडी चॅनेल टाकून त्यावर ठेवा. फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत ठेवायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बाल्कनी अनेकदा एकाच बाजूने बांधलेली, बाहेर झुकलेली असते. तिच्यावर तीनशे किलो ठेवण्याचा निर्णय प्लंबरने घ्यायचा नसतो. सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्या.

गच्चीच्या कोब्यात बोल्टसाठी भोकं पाडू नका. एका भोकापायी पुढची पाच वर्षं खालच्या खोलीचं छत ओलं राहतं. तयार काँक्रीटचे ठोकळे ठेवा, त्यांवर चॅनेल, चॅनेलवर रबराच्या गाद्या, आणि मशीन वाऱ्याने हलू नये म्हणून वरचा पट्टा जवळच्या भिंतीला बांधा. अंगणात चार इंची काँक्रीटचा चौथरा पुरे.

तिसरी अट हवेची. मशीन हवा ओढतं आणि थंड करून बाहेर फेकतं. ती थंड हवा परत ओढली गेली, की दुपारी चालवण्याचा सगळा फायदा पाण्यात. मागे एक फूट, हवा बाहेर पडते त्या बाजूला किमान तीन फूट मोकळं सोडा. माळ्यावर किंवा बंद बाथरूममध्ये ठेवू नका. हवेचं तोंड शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीकडे नको. घरघर फार नसते, पण रोजची असते.

पावसाळ्यात या जाळीवरून दिवसाला कित्येक लिटर पाणी गळतं. दमट हवेतली वाफ जाळीवर द्रव होताना आपली उष्णता मशीनला देऊन जाते, म्हणून ज्या दिवसांत सोलर थंड असतो त्या दिवसांत हीट पंप उत्तम चालतो. या पाण्याची नळी उतारावर न्या, मध्ये कुठे वर चढू देऊ नका. ते पाणी कुंड्यांना चालतं.

नळजोडणी

मशीन आणताना आडवं झोपवलं गेलं असेल, तर उभं करून चोवीस तास तसंच राहू द्या. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरलेलं असतं. ते खाली उतरल्याशिवाय चालू केलं तर कॉम्प्रेसर जाऊ शकतो. तोवर नळाचं काम करा.

थंड पाण्याच्या बाजूने क्रम असा: बॉल व्हॉल्व्ह, वाय-स्ट्रेनर, एनआरव्ही, टी काढून त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह, मग युनियन, मग टाकी. तळाशी गाळ काढायचा कॉक. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या मध्ये कुठलाही बंद होणारा व्हॉल्व्ह येता कामा नये. हे वाक्य प्लंबरला दोनदा ऐकवा. २०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांना जाताना सुमारे तीन लिटर फुगतं. एनआरव्हीमुळे ते मागे जाऊ शकत नाही. फुगलेल्या पाण्याला वाट मिळाली नाही तर टाकी फाटते. प्रेशर पंप असेल तर छोटा एक्स्पान्शन व्हेसल लावा. नुसत्या उंचीवरचं पाणी असेल आणि मशीनच्या पुस्तिकेत तशी मुभा असेल, तर गरम बाजूने एअर व्हेंटची उघडी नळी थंड टाकीच्या पातळीच्या वर चढवा. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कुणाच्या अंगावर उडणार नाही असं खाली वळवून नळीने जमिनीपर्यंत आणा. ती नळी कायम उघडी हवी. ठिबकतं म्हणून तिला बूच मारणारे लोक आहेत; ते जीवघेणं आहे.

गरम पाण्याला सीपीव्हीसी वापरा, तो किंचित पिवळसर असतो. पांढराशुभ्र यूपीव्हीसी फक्त थंडाला. टाकीच्या तोंडाशी पहिला वीतभर धातूचा निप्पल लावून मग पितळी आट्यांचा सीपीव्हीसी जोड घ्या. प्लास्टिकचे आटे थेट टाकीत पिळले तर तापून-निवून काही महिन्यांत चिरतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून दहा-बारा वेढे द्या. सूत आणि सफेदा प्लास्टिकच्या जोडावर नको.

सीपीव्हीसीचा जोड करताना घाई नडते. पाइप काटकोनात कापा, कडेचा बुरा चाकूने काढा आणि बाहेरची कड किंचित तासा. तासली नाही तर ती कड फिटिंगमधलं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. दोन्ही बाजूंना पातळ, सलग लेप द्या, पाइप तळाला टेकेपर्यंत आत घाला, पाव वळसा फिरवा आणि अर्धं मिनिट दाबून धरा. सोडलात की जोड मागे सरकतो, म्हणून धरायचं. कडेला सोल्युशनची बारीक गोल माळ दिसली तर जोड नीट बसला. चोवीस तासांनी पाणी सोडा.

पाऊण इंची सीपीव्हीसीच्या एका मीटरमध्ये पाव लिटर पाणी मावतं. मशीन बाथरूमपासून पंधरा मीटर दूर असेल तर दर आंघोळीआधी पावणेचार लिटर गार पाणी सोडून द्यावं लागेल. अर्धा इंची घेतला तर मीटरला फक्त ०.१२ लिटर. पाण्याला पुरेसा जोर असेल आणि एका वेळी एकच शॉवर चालत असेल, तर त्या बाथरूमची फांदी अर्ध्या इंचीच न्या. पूर्ण गरम लाइनीवर नायट्राइल रबराची नळी चढवा, आणि उन्हातल्या भागावर वरून आवरण घाला, नाहीतर दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा होतो.

वीज

ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्याकडून काय हवं, ते मात्र तुम्हाला माहीत असू द्या. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची लाइन, गीझरच्या जुन्या पॉइंटवरून घेतलेली जोड नको. दीड किलोवॉटच्या मशीनचा कॉम्प्रेसर अर्धा किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. आत मदतीला असलेला हीटर दीड-दोन किलोवॉट. दोन्ही मिळून अकरा-बारा अँपिअर. अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची वायर, सी प्रकारची एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. एमसीबीचं माप मशीनच्या पाटीवर लिहिलेलं असेल तेच. अर्थिंग वायरमनने तुमच्यासमोर मोजून दाखवावं. मशीनशेजारी पावसात न भिजणारा आयसोलेटर हवाच.

पहिला दिवस

पाणी सोडा आणि घरातले सगळे गरम नळ उघडे ठेवा. फुसफुस थांबून सलग धार आली की टाकी भरली. त्यानंतरच वीज. रिकाम्या टाकीत हीटर चालू झाला तर काही क्षणांत जळतो. सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसून पाहा, बोटांना न कळणारी ओल टिश्यूला कळते.

मदतीचा हीटर बंद ठेवून मशीन चालवा. सुरुवातीचं पाण्याचं तापमान, शेवटचं तापमान आणि मीटरचे दोन आकडे लिहा. समजा २०० लिटर पाणी २४ वरून ५४ अंशांना गेलं आणि दोन युनिट वीज लागली. २०० गुणिले ३० भागिले ८६०, म्हणजे सात युनिट. दोनने भागून साडेतीन. दुपारच्या उबदार हवेत तुमचं उत्तर अडीचच्या खाली आलं तर थंड हवा परत फिरतेय का ते आधी तपासा, मग गॅसची तक्रार करा.

टायमर अकरा ते चार लावा. तापमान ५५. चांगल्या टाकीतलं पाणी रात्रभरात तीन-चार अंश उतरतं, सकाळी तेवढं पुरतं. गच्चीवर सौर पॅनल असतील तर याच वेळेत तुमची स्वतःची वीज वापरली जाते. टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारा, लागला असेल तर बिलावर दिवसाचा दर बघून वेळ थोडी मागेपुढे करा. पहाटे चालवून सीओपी साडेतीनवरून अडीचपर्यंत घसरवण्यात काही हशील नाही.

आठवड्यातून एक दिवस पाणी ६० अंशांपर्यंत न्या. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो, फुप्फुसांना घातक असतो. साठ अंशांचं पाणी मात्र काही सेकंदांत भाजतं. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर बाथरूमच्या लाइनीवर तापमान आपोआप सांभाळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. यात काटकसर करू नका.

पुढे

दर महिन्याला जाळीवरची धूळ मऊ ब्रशने वरून खाली झाडा. आडवा ब्रश फिरवला तर पात्या वाकतात. दर तीन महिन्यांनी स्ट्रेनर धुवा आणि तळाचा कॉक उघडून गढूळ पाणी जाऊ द्या. सहा महिन्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका उचलून पाणी येतंय का ते पाहा, चेहरा लांब ठेवून. बोअरचं पाणी असेल तर वर्षाने अॅनोड काढून बघा. करंगळीएवढा बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. अॅनोड संपला की पाणी टाकीचाच धातू खायला लागतं. अॅनोड कधी बदलला ती तारीख मार्करने मशीनच्या अंगावरच लिहा, कारण वॉरंटीचं कार्ड ऐनवेळी कुणालाच सापडत नाही.